साळूनं पळवलेला बिजलीमॅन

बद्रीनाथ रोज सकाळच्या एसटीनं फुलंब्रीहून औरंगाबादला यायचा. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत तात्यासाहेबांचं तयार कपड्यांचं दुकान होतं, तिथं तो माल उतरवायच्या कामाला होता. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या बरोबर समोर. बद्रीनाथ उंच, पाठ दरवाजाएवढी रुंद, आणि एवढा गडी चालायचा मात्र मान खाली घालून.

पहिल्यांदा तो माझ्याकडं आला तो गॉगल घ्यायला.

"नाना, मोठ्यात मोठी काच असलेला दाखवा," म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता सगळ्यात मोठी फ्रेम काढून दिली. उजव्या डोळ्याभोवती आणि ओठाच्या कोपऱ्याला कोड फुटलं होतं. हातांवरही होतं. गॉगलनं डोळा झाकला, ओठ काही झाकला नाही. तरी तो खूश झाला. तेव्हापासून दुपारचा चहा माझ्याकडं घेऊ लागला.

एके दिवशी बशीत चहा ओतता ओतता त्यानं सांगितलं, की तो कबड्डी खेळायचा. सगळ्या तालुक्यात नाव होतं. चढाईला गेला की दोघंतिघं बाद करूनच परत यायचा. मग हे डाग आले. डाग वाढले तरी तो खेळत राहिला. एकदा कन्नडच्या मैदानावर तो चढाईला गेला, तर समोरच्या संघातलं कोणी त्याला पकडायलाच पुढं येईना. सगळे मागं मागं सरकत गेले. तो शेवटच्या रेषेपर्यंत गेला, तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि चालत परत आला.

"आमचा संघ जिंकला नाना त्या दिवशी," तो म्हणाला. "पोरं नाचली. म्या मातूर तव्हाच खेळ सोडला."

लग्नाचंही तसंच झालं. पाहुणे आले, गोड बोलले, पोह्याला हात न लावता उठून गेले.

अशा माणसाचा पुढं बिजलीमॅन होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ते अठ्ठ्याण्णव साल असावं. टीव्हीवर अफाट ताकदीच्या, उडणाऱ्या वीरांचं पोरांना वेड लागलं होतं. दिवाळीच्या तोंडावर तात्यासाहेबांच्या डोक्यात आलं, की आपल्याही दुकानासमोर असा एक वीर उभा करायचा. म्हणजे पोरं आईबापांना ओढत आणतील. दुकानातल्या सेल्समन पोरांनी कानांवर हात ठेवले. असलं घट्ट सोंग घालून भर बाजारात उभं राहायची त्यांना लाज वाटली. बद्रीनाथनं एवढंच विचारलं, "तोंडावर मुखवटा राहील ना? आन् हातमोजे?"

"अलबत," तात्यासाहेब म्हणाले.

"मंग मी हुभा राहतो."

पोशाख शिवायला दिला शफीभाईंकडं. शफीभाईंचं शिलाईचं मशीन माझ्याच दुकानाच्या ओट्यावर असायचं. त्यांच्या हाताखाली साळू नावाची एक बाई काज-बटण आणि तुरपाईचं काम करायची. मूळची वैजापूरची. नवऱ्यानं टाकलेली, बेगमपुऱ्यात आत्याकडं राहायची. पंचविशी ओलांडलेली, सडपातळ, आणि फार कमी बोलणारी. दिवसभर दोऱ्याचं टोक दातात धरून बसायची, त्यामुळं तिला बोलता येत नसावं असंच आम्हाला वाटायचं.

मापाला बद्रीनाथ ओट्यावर उभा राहिला, तशी तिनं दातातला दोरा काढला.

"तुमी वैजापूरला खेळायला आलता का? कबड्डीला?"

बद्रीनाथनं तिच्याकडं न बघता सांगितलं, "नाय. तो दुसरा असंल."

"मान वर कर मियाँ," शफीभाई गळ्याचं माप घेता घेता म्हणाले. "जमीन पे क्या गिरा तेरा?"

साळूनं दोरा परत दातात धरला. निळ्या कापडावर छातीशी सोनेरी बिजली लावायची होती, ती तिनं हातानं टाचली. लाल कापडाची पाठीवरची झूलही तिनंच शिवली. शफीभाई तिला केप म्हणायचे. आम्ही बाकीचे झूलच म्हणत होतो.

तो पोशाख अंगावर चढला तेव्हा आम्ही हातातली कामं टाकून बघायला जमलो. मान खाली घालून चालणारा हमाल कुठल्या कुठं गेला होता. पोरं त्याच्या हाताला लोंबकळायची, खांद्यावर बसायची, गळ्यात पडायची. ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला संध्याकाळपर्यंत शेकडो हात लागायचे. बिजलीमॅन हे नावही पोरांनीच ठेवलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गल्लीत मुंगीला वाट नव्हती. जैतुनबी नावाची म्हातारी नातवंडांचे कपडे घेऊन निघाली होती. एका माणसानं तिच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि तो सिटी चौकाच्या दिशेनं सुटला. म्हातारी ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसली खाली. आमच्या ते लक्षात येईपर्यंत समोरून निळंलाल काहीतरी सूं करून गेलं. बिजलीमॅन पळत होता. हातगाड्यांवरून उड्या टाकत, माणसांच्या मधून वाट काढत, झूल उडवत. चौकाच्या अलीकडं त्यानं अंग झोकून दिलं आणि चोराचा घोटा धरला. कबड्डीची पकड ती, चोराला हलता येईना.

पोरांना त्यात काही नवल वाटलं नाही. बिजलीमॅन चोर पकडणारच, असं त्यांचं म्हणणं. हादरलो आम्ही मोठी माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मुखवट्यामागं कोण हे तात्यासाहेबांनी छापू दिलं नाही. गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की दिवाळी संपली तरी हा माणूस असाच राहू द्यायचा, गल्लीला राखण होते. बद्रीनाथचं माल उतरवणं बंद झालं. आता तो रोज सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत जायचा आणि बिजलीमॅन होऊन बाहेर यायचा.

होळीच्या सुमाराला एक चोरटी पहिल्यांदा आली. सलवार-कमीज घातलेली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. स्कूटरवर जाणाऱ्या पोरी उन्हासाठी बांधतात तशी, नुसते डोळे उघडे. तिनं तात्यासाहेबांच्या दारात टांगलेला लहान मुलीचा फ्रॉक ओढला आणि पळाली. बिजलीमॅन मागं. ती पळायला चपळ होती. औरंगपुऱ्याच्या वळणावर तिनं फ्रॉक मागं फेकला. तो उचलायला बद्रीनाथ थांबला, तेवढ्यात ती दिसेनाशी झाली.

मग दर पंधरवड्याला, कधी महिन्याला, हेच सुरू झालं. कधी भांड्याच्या दुकानातला झारा, कधी एकाच पायाची चप्पल. माझ्या दुकानातून तिनं काच नसलेली फ्रेम नेली. प्रत्येक वेळी बिजलीमॅन समोर उभा असतानाच चोरी करायची, त्याच्या देखत पळायचं, आणि तो जवळ आला की वस्तू टाकून द्यायची. गल्लीला आधी गंमत वाटली. नंतर लोक घाबरायला लागले. कोणी म्हणालं ही टोळीतली बाई आहे, रस्ते बघून ठेवते. कोणी म्हणालं डोक्यानं फिरलेली आहे. तात्यासाहेब म्हणाले, "बद्री, आता इज्जतीचा सवाल हाय. बाई हाय म्हणून सोडू राहिला का तू?"

बद्रीनाथनं ते मनावर घेतलं. गल्लीबोळ पाठ केले. सकाळी लवकर येऊन आमखास मैदानावर पळायला लागला. मला मात्र एक दिसत होतं. ती ज्या दिवशी यायची, त्या दिवशी तो चहाला येताना शीळ घालत यायचा.

पळापळीत पोशाख फाटायचा. मग तो साळूपुढं उभा राहायचा. ती गुडघ्याजवळ वाकून ठिगळ लावायची आणि तो तिलाच सांगायचा, "पुढच्या टायमाला धरतोच तिला."

"धरून काय करणार?" तिनं एकदा विचारलं.

"चौकीत देणार. दुसरं काय?"

साळूनं दातानं दोरा तोडला. "धरा मंग," म्हणाली.

मी तिथंच बसलो होतो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. शफीभाईंनाही नाही. दुपारी जेवायला म्हणून ती निघून जायची, घंटाभरानं परत यायची आणि पुन्हा काज करत बसायची. घाम आलेला असायचा. पण घाम सगळ्यांनाच आलेला असायचा.

नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा भरली. तात्यासाहेबांनी तिथं कपड्यांचा तंबू टाकला आणि बिजलीमॅनला तिकडं पाठवलं. पुढं जे झालं ते बद्रीनाथनं मला नंतर जसं सांगितलं तसं सांगतो.

दुपारची वेळ होती. देवीच्या देवळापासून बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तो तंबूसमोर उभा राहतो न राहतो तोच त्याला ती ओढणी दिसली. ती रांगेत नव्हती. त्याच्यासमोरच, रसवंतीच्या खांबाला टेकून उभी होती. त्यानं नजर तिच्यावरून काढली नाही. ती फिरली की हा फिरायचा, ती थांबली की हा थांबायचा. बऱ्याच वेळानं ती एका खेळणीवाल्याजवळ गेली, तिनं काडीवरची एक रंगीत भिंगरी उचलली, त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि धावली.

रहाटपाळण्यांच्या मधून, रेवड्यांच्या पाट्यांवरून, मौत का कुआँच्या मागून दोघं पळत होती. तिच्या हातातली भिंगरी गरगर फिरत होती. लोक बाजूला होऊन बघत होते. काहींना वाटलं हाही जत्रेतलाच खेळ आहे. या वेळी तिनं भिंगरी टाकली नाही. पाळण्यांच्या मागच्या बाजूला तंबूच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या, त्यातल्या एकीत तिचा पाय अडकला आणि ती आपटली. बद्रीनाथनं झेप घेतली आणि तिचा घोटा धरला.

ओढणी सुटली होती. खाली साळू पडली होती.

"तू?" त्याच्या तोंडून एवढंच आलं.

"नीट धरा, नाय तर सोडा," ती म्हणाली. "पाय मुरगळलाय माझा."

"साळू, तू हे कामून करू राहिली?"

"तुमी पळावं म्हणून."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती धापा टाकत होती, पण बोलली एका दमात. शफीभाईंच्या ओट्यावर वर्षभरात बोलली नव्हती तेवढं.

"वैजापूरला तुमी खेळायला आलता, तव्हा मी पाण्याची कळशी घेऊन मैदानाच्या कडंला हुभी व्हते. तुमीच व्हता. मान वर करून गेला आन् तसाच मान वर करून परत आला. माझं लगीन व्हायचं व्हतं तव्हा. मंग शफीभाईकडं मापाला आलात, तर नजर वर करंना. मी इचारलं तर म्हणलात, तो मी नाय. पन पळता तव्हा तुमीच असता. मला तेच बघायचं असतं, मागं वळून."

"त्याच्यासाठी चोरी?"

"दुसरं काय केलं असतं तर तुमी माझ्यामागं पळाला असता?" ती म्हणाली. "माझा जीव हाय तुमच्यावर. आता कळलं ना? सोडा पाय."

बद्रीनाथ मला सांगत होता, "नाना, मला वाटलं ही थट्टा करू राहिली. आजवर बाईमाणसानं माझ्याकडं धड बघितलं नव्हतं. आन् हिला तर समदं ठाऊक. पोशाख घालायच्या आधीचा मी तिनं पाह्यलेला. डाग पाह्यलेले. तिचा पाय धरवंना आन् सोडवंना."

तेवढ्यात लोक जमले. "धरली, बिजलीमॅननं चोरटी धरली," असा गलका झाला. रेशमी साडीतली एक बाई गर्दी कापत पुढं आली. देवळाच्या रांगेत तिच्या गळ्यातली साखळी गेली होती. तिनं साळूला पाहिलं, भिंगरीवाल्याचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "हीच होती माझ्या मागं." आणि साळूच्या थोबाडीत मारली. मग कोणी केस ओढले, कोणी लाथ घातली. साळूनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ती बद्रीनाथकडं बघत होती, बोटांच्या फटीतून. आणि बद्रीनाथ नुसता उभा होता. छातीवर सोनेरी बिजली लावलेला तो अगडबंब माणूस खांबासारखा उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. पोलीस आले आणि तिला घेऊन गेले. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साध्या कपड्यांत माझ्या दुकानात येऊन बसला. गॉगलही नव्हता. सगळं सांगितलं. शफीभाई ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"मेरे बाजू में बैठती थी," ते म्हणाले. "रोज मेरे साथ चाय पीती थी."

बातमी गल्लीत पसरली तसा जो तो सुन्न झाला. ज्या बाईकडून बायका पोलक्याला हूक लावून घ्यायच्या, ती चोरटी? आणि का, तर या बद्रीसाठी? मला वाटतं लोकांना पहिल्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा धक्का जास्त बसला होता. एका दुकानदारानं तर मला विचारलं, "नाना, तिला दिसत नाय का नीट? तपासा एकदा."

मी त्याला दुकानातून उठवलं.

तिच्या आत्यानं हात झटकले. शफीभाई स्वतः जामीन राहिले, तेव्हा ती सुटली. पण ओट्यावर परत आली नाही. साखळीचा आळ तिच्यावर तसाच होता. गल्लीतल्या वस्तू सगळ्या परत मिळालेल्या होत्या, तिकडं कोणी लक्ष दिलं नसतं. पण सोन्याची साखळी म्हणजे तुरुंग. ती साखळी गेली तेव्हा साळू देवळाजवळ नव्हती, रसवंतीच्या खांबाला टेकून उभी होती, हे आमच्या माहितीप्रमाणं एकाच माणसानं पाहिलं होतं, बद्रीनाथनं.

तात्यासाहेबांनी त्याला समजावलं. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. "बद्री, तू कोर्टात गेला तर लोक म्हणतील दोघं सामील होते. मुखवट्याच्या आत कोण ते पेपरात येईल. लेकरं काय म्हणतील?"

"लेकरांचं लेकरं बघतील," बद्रीनाथ म्हणाला. त्यांच्यासमोर तो पहिल्यांदाच असा बोलला. आम्ही सगळेच चपापलो.

अदालत रोडच्या कोर्टात मी त्याच्याबरोबर गेलो. साळू एका बाजूला उभी होती, पायानं अजून लंगडत होती. शफीभाईंनी बघून दिलेला वकील होता, त्यानं बद्रीनाथला साक्षीला बोलावलं. मग सरकारी वकील उठले.

"त्या दिवशी तुम्ही मुखवट्यात होता. तो माणूस तुम्हीच कशावरून?"

बद्रीनाथनं गॉगल काढला. "मुखवट्याला डोळ्यांपाशी भोकं असतात, साहेब. त्याच्यातून हे पांढरं दिसायचं. लेकरं इचारायची, बिजलीमॅनच्या डोळ्याला काय झालं? मी सांगायचो, बिजली पडली. कोनत्याबी लेकराला इचारा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"आरोपी दुपारी देवळाच्या रांगेत होती की नव्हती?"

"नव्हती. दुपारपासून माझी नजर तिच्यावरच व्हती. ती रांगेकडं गेलीच नाय."

"दुपारपासून एका बाईवर नजर? तिनं तुमचं असं काय चोरलं होतं?"

"काय नाय. समदं परत टाकायची."

"परत टाकायचं तर चोरायचं कशाला? सांगा, कशाला?"

बद्रीनाथ थांबला. त्यानं खाली पाहिलं. मला वाटलं आता तो कन्नडच्या मैदानावरच्यासारखा गुपचूप परत फिरतो. पण त्यानं मान वर केली.

"मी तिच्यामागं पळावं म्हणून, साहेब. तिचा माझ्यावर जीव हाय. मला ते ठाऊक नव्हतं. धरली तव्हा कळलं."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. ते बराच वेळ बद्रीनाथच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी साळूला विचारलं, "बाई, हे खरं आहे?"

"व्हय," साळू म्हणाली.

सरकारी वकिलांनी आपले कागद गोळा केले. ते खाली बसले. नंतर रसवंतीवाल्यानंही येऊन सांगितलं, की ती बाई बराच वेळ त्याच्याच खांबाला टेकून उभी होती, रस काही घेतला नाही म्हणून ध्यानात राहिली. साखळीच्या आरोपातून साळू सुटली. भिंगरीबद्दल कोर्टानं समज दिली. ती साखळी कोणी नेली ते कधीच कळलं नाही.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बद्रीनाथ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. आम्ही जरा लांब थांबलो. शफीभाईंनी तर मनात पेढे वाटून टाकले होते.

"साळू, माझ्या घरी येशील का?" तो म्हणाला. "लगीन करून."

"नाय," ती म्हणाली.

मला वाटलं लाजून म्हणाली असेल. तसं नव्हतं.

"तुमी कोर्टात आलात, लई उपकार झाले. पन त्या दिवशी ती बाई मला मारू लागली, केस ओढू लागली, तव्हा तुमी बघत हुभे राह्यले. मी तुमच्याकडंच बघत व्हते. आता मला पळताना तुमी दिसत नाय. हुभे असलेलेच दिसता."

आणि ती लंगडत रस्त्याकडं गेली, वैजापूरच्या गाडीनं जायला. बद्रीनाथचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. डागांची आणि बाकीची कातडी एकाच रंगाची झाली होती.

पेपरात त्याचा मुखवट्याशिवायचा फोटो आला. तात्यासाहेबांनी पोशाख परत मागितला आणि एका दुसऱ्या पोराला घालून उभं केलं. तो पोरगा दिवसभर घड्याळ बघायचा. थोड्याच दिवसांत पोशाख पेटीत गेला. बद्रीनाथनं गल्ली सोडली आणि चिकलठाण्याच्या एका गोदामावर राखणदाराची नोकरी धरली. गॉगल मात्र त्यानं पुन्हा लावला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आता कोनापासून झाकायचं नाना? समद्या जिल्ह्यानं पाह्यलं."

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. त्याचे वडील, पुंजाराम, छातीच्या दुखण्यानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाले. मी त्यांना बघायला गेलो, तर खाटेशेजारी साळू बसलेली. मी दारातच थांबलो. शफीभाईंकडून तिला कळलं होतं म्हणे. रोज वैजापूरहून यायची, डबा आणायची, म्हाताऱ्याला भरवायची, आणि बद्रीनाथ आला की उठून जायची. त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. म्हाताऱ्याला ती कोण हे ठाऊक नव्हतं. दवाखान्याचीच कोणीतरी असेल असं त्यांना वाटलेलं.

त्या दिवशी बद्रीनाथही माझ्यामागं दारात येऊन उभा राहिला, तेवढ्यात आत म्हाताऱ्यांनी साळूला विचारलं, "पोरी, तू कोनाची गं?"

"मी चोरटी हाय," साळूनं भाकरी कुस्करता कुस्करता सांगितलं. "तुमच्या पोरानं धरून दिलेली."

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. मग दारात उभ्या असलेल्या बद्रीनाथकडं. त्यांनी ऐकलेलं होतं सगळं, फक्त चेहरा ठाऊक नव्हता. ते म्हणाले, "बद्र्या, या पोरीनं मला इतके दिवस भरवलं. आन् तू तिला काय बोलला का नाय अजून?"

बद्रीनाथ आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. या वेळी साळू उठली नाही.

"त्या दिवशी मी बोलायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "मधी पडायला पायजे व्हतं. मला सुचलं नाय, असं म्हणलो तर ते खोटं हाय. मला वाटलं, हे लोक मला खांद्यावर घेऊ राहिले, ते खाली टाकतील."

वॉर्डात आजूबाजूचे रोगीसुद्धा ऐकत होते. साळूनं घास हातातच धरला होता.

"व्हय," ती म्हणाली. "पायजे व्हतं."

मग तिनं तो घास म्हाताऱ्याच्या तोंडात दिला, आणि बद्रीनाथला म्हणाली, "तांब्यात पाणी नाय. आना."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, फुलंब्रीत, घरासमोर मांडव घालून. भावकीतले बरेच लोक आले नाहीत. जे आले त्यांतल्या अर्ध्यांना डागांचा नवरा बघायचा होता आणि अर्ध्यांना चोरटी नवरी. शफीभाईंनी नवरीचं पोलकं शिवलं आणि शिलाई घेतली नाही. तात्यासाहेब आहेर घेऊन आले आणि कोपऱ्यात बसून जेवून गेले. पुंजाराम त्यानंतर आणखी दोन पावसाळे जगले. सुनेच्या हातचंच जेवायचे.

आता फुलंब्रीत साळूचं शिलाईचं दुकान आहे. तिच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरींना ती पहिल्या दिवशी स्वतःच सगळं सांगून टाकते, म्हणजे नंतर कुजबुज नको. पोरी सुई हातात धरून तशाच बसून राहतात म्हणे. मग साळू म्हणते, "झालं का ऐकून? आता दोरा ओवा."